मशीन लावायचं का, मॅडम?

परवा आळेफाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होते. शेजारी एक मावशी बसलेल्या. बराच वेळ माझ्याकडे बघून झाल्यावर म्हणाल्या, "तू ती मालिशवाली बाई ना गं? आमच्या जावेच्या खांद्याला केलं होतंस."

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे ऐकून माझं तोंड उतरलं असतं. मी लगेच त्यांना साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातली सहा महिन्यांची इंटर्नशिप, विद्यापीठ, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असं सगळं ऐकवलं असतं. परवा फक्त विचारलं, "हात वर जातो का आता त्यांचा?"

"जातो की! परवा माळ्यावरचा डबा काढला तिनं."

मग बस आली आणि विषय संपला. पण तो डबा डोक्यात राहिला. त्याच्याबद्दलच लिहावं म्हणून आज बसले आहे.

मी ठरवून फिजिओथेरपिस्ट झाले नाही हे आधीच कबूल केलेलं बरं. बारावीला असताना मला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी तसं ठरवलं होतं आणि माझी हरकत नव्हती. सीईटीचा निकाल लागला आणि एमबीबीएसची यादी माझ्या बरीच वर संपली. बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस ते टोमॅटोच्या वावरातून उशिरा घरी आले, एवढंच. फॉर्मवर खाली आणखी नावं होती, त्यातलं 'फिजिओथेरपी' हे मी कुणाला तरी विचारून भरलेलं. नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नंबर लागला. २००३ साल होतं. गावात लोक विचारायचे, "पोरगी कशाला गेलीय?" बाबांना तो शब्द नीट म्हणता यायचा नाही. ते सांगायचे, "डॉक्टरकीलाच, पण हाडाच्या."

पहिलं वर्ष मी रडण्यात घालवलं. शरीररचनेच्या वर्गात स्नायूंची नावं पाठ करायची, कोण कुठून निघतो, कुठे जाऊन चिकटतो, कोणती नस त्याला चालवते... आणि रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसून पुन्हा सीईटी द्यावी का याचा विचार करायचा. दुसऱ्या वर्षी रडणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी जे झालं ते मात्र मला तारखेसकट आठवतं. ती तारीख माझ्यापाशीच राहू दे.

त्या दिवशी पक्षाघाताचा धडा होता. आमच्याकडे त्याला 'अंगावरून वारं जाणं' म्हणतात. मॅडम शिकवत होत्या. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा बंद पडला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते, बऱ्याच जणांची वाचाही जाते. सुरुवातीला हातपाय अगदी ढिले असतात, मग हळूहळू ताठ होऊ लागतात. हात कोपरात दुमडतो, मूठ वळते. हलवलं नाही तर तसाच आखडून बसतो. आणि पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे. या काळात रुग्णाला बसवायचं, उभं करायचं, त्या बाजूच्या पायावर भार द्यायला लावायचं. मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचं काम थोडंफार उचलतात. फक्त त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं.

मी लिहायची थांबले. कारण समोरच्या फळ्यावर माझी आजी होती.

आजीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. १९९३ ची गोष्ट. सकाळी गाईची धार काढून उठली आणि गोठ्यातच पडली. दवाखाना झाला, सलाईन झालं, आठवड्याने घरी आणली. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करू द्या. आम्ही आराम करू दिला. पडवीतल्या बाजेवर तिने नऊ वर्षं आराम केला! कुणी सांगितलं म्हणून तेल चोळलं. कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं, तेही केलं. तिला उठवून उभं करा असं मात्र कुणीही सांगितलं नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. तिची उजवी मूठ इतकी घट्ट वळली की नखं तळव्यात रुतायची. आई रोज ती मूठ हळूच उघडून पुसायची आणि आत जुन्या लुगड्याची सुरळी ठेवायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे अगदी हेच मी पुस्तकात चित्रासकट बघितलं.

आजीला एकच शब्द यायचा. "नको." पाणी हवं असलं तरी "नको", मला जवळ बोलवायचं असलं तरी "नको". पाहुणे म्हणायचे, म्हातारीला काही कळत नाही आता. पण मी शाळेतून आल्यावर दप्तर जागेवर ठेवलं नाही तर ती डाव्या हाताने बाजेवर थापटी मारायची. कळत सगळं होतं. शब्द सापडत नव्हते.

आमचं गाव आळे. तुमच्यापैकी काहींना ते आळेफाट्यामुळे माहीत असेल. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, आणि एस.टी. थांबली की लोक चहाला उतरतात. पण आमची खरी ओळख म्हणजे रेड्याची समाधी. पैठणला ज्ञानेश्वर महाराजांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले तो परतीच्या वाटेवर आळ्याला आला आणि इथेच त्याने देह ठेवला, अशी कथा आहे. त्याचं मंदिर आहे, यात्रा भरते. आजी धडधाकट होती तोवर दर एकादशीला तिथे जायची. ती पडल्यावर आईने तिथेच नवस बोलला. जनावराला बोलतं केलंस, माझ्या सासूच्या तोंडून दोन शब्द येऊ देत. लहानपणी मला तो नवस अगदी बरोबर वाटायचा. बोलणाऱ्या रेड्याच्या गावातच राहतो म्हटल्यावर आणखी कुठे मागायचं?

आजी २००२ मध्ये गेली. मी कॉलेजात जायच्या एक वर्ष आधी.

त्या तासानंतर मी मॅडमकडे गेले आणि विचारलं, "नऊ वर्षं बाजेवर असलेली बाई चालू शकली असती का?" त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कसं सांगणार? कदाचित काठी घेऊन घरातल्या घरात चालली असती. कदाचित नसती. पण बसली नक्की असती. आणि मूठ तशी वळली नसती."

त्या रात्री मी गच्चीवर गेले नाही. खोलीत बसून तो धडा पुन्हा वाचला. पुन्हा सीईटी द्यायचा विचार त्यानंतर कधी आला नाही.

कॉलेजात आणखी एक गोष्ट कळली, ती सांगायलाच हवी. लहानपणी आमच्या आळीत एक काका होते. चालताना दर पावलाला ते हाताने मांडी दाबायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. (हे लिहितानाही लाज वाटते.) चाल शिकताना ती चाल पुस्तकात भेटली. पोलिओने मांडीच्या पुढचा स्नायू गेला की गुडघा भार पेलत नाही, दुमडतो. म्हणून माणूस हाताने मांडी मागे रेटून गुडघा कुलूपबंद करतो आणि मग पाऊल टाकतो. म्हणजे काकांनी स्वतःच स्वतःवर उपचार शोधून काढला होता, आणि आम्ही हसत होतो.

आपल्या देशात हे शिक्षण सुरू झालं तेही पोलिओमुळेच. मुंबईत पोलिओची साथ आली, आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. इंग्लंडात या व्यवसायाची संघटना त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, चार नर्सेसनी उभी केली होती. गंमत म्हणजे त्याही मालिश करणाऱ्याच होत्या! मालिश म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात, म्हणून आपल्या कामाची इभ्रत राखायला त्यांनी ती काढली. तेव्हा फाट्यावरच्या मावशींवर रागवायचं काही कारण नाही, आमचं मूळ तिथेच आहे. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजाराने आम्हाला जन्म दिला तो संपला, आणि आमचं काम मात्र वाढतच गेलं.

इंटर्नशिपनंतर पाच वर्षं पुण्यात नोकरी केली. २०१३ मध्ये गावाकडे परत आले आणि फाट्याजवळ दोन खोल्यांत सुरुवात केली. पहिल्या महिन्यात अकरा पेशंट. त्यातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच, "मशीन लावायचं का, मॅडम?"

मशीनवर लोकांची फार श्रद्धा. वायर लावली, लाल दिवा लागला, मुंग्या आल्या की पैसे वसूल. व्यायाम सांगितला की चेहरा पडतो, हे तर घरीपण करता येईल! अहो, तेच तर मला हवं आहे. शेकाने, करंटने दुखणं तात्पुरतं कमी होतं, तेवढ्यात व्यायामाला वाट मिळते. पण मांडीचा स्नायू मशीनने भरत नाही. तो खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठल्या-बसल्याने भरतो. सुरुवातीला मी यावर भाषण द्यायचे. आता पाच मिनिटं मशीन लावते आणि तेवढ्या वेळात व्यायाम शिकवते. दोघंही खूश.

आमच्या भागातली शरीरं वेगळी असतात, हे पुण्यात कळलं नव्हतं. तिकडे मान आणि कंबर, कॉम्प्युटरने धरलेली. इकडे कांदा लागणीच्या दिवसांत बायका दिवसभर कमरेत वाकून असतात. खुरपणीला उकिडवं बसतात. टोमॅटो बांधायचा म्हणजे हात सतत खांद्याच्या वर. धार काढायला पुन्हा उकिडवं. अशा बाईला "मांडी घालू नका, खाली बसू नका, वाकू नका" असा कागद हातात दिला की ती मान डोलावते आणि घरी जाऊन तोच कागद चुलीत घालते. तिचं बरोबर आहे. मी आता विचारते, धार काढायला पाट घेता येईल का? कांदा लावताना प्रत्येक सरीच्या टोकाला उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकता येईल का, पाच वेळा? तेवढं त्या करतात. एकदा पूर्ण वावरभर बायका एकदम मागे वाकताना मी रस्त्यावरून पाहिल्या आणि गाडी थांबवून खूप वेळ हसत बसले.

आता बाबांची गोष्ट. माझ्या नव्हे, एका पेशंट बाबांची. नाव-गाव राहू दे. २०१७ मध्ये त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू, आजीसारखीच. मुलगा तिसऱ्या आठवड्यात मला घरी घेऊन गेला. पडवीत बाजेवर पडलेले बाबा बघून माझ्या पोटात गोळा आला. तीच पडवी, तसाच दुमडू लागलेला हात.

बाबा काहीच करायला तयार नव्हते. बसवलं की डोळे मिटायचे. चार दिवस मी जात राहिले आणि चार दिवस हात हलवत परत आले. पाचव्या दिवशी गोठ्यातून बैल हंबरला आणि बाबांनी मान वळवली. त्यांच्या सुनेने सांगितलं, "त्यांची शर्यतीची जोडी आहे. आता शर्यती बंद, पण विकली नाहीत त्यांनी. पोरासारखी संभाळलीत."

जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला बैलगाडा काय असतो हे सांगावं लागत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हापासून घाट ओस होते. मी मुलाला म्हटलं, उद्यापासून व्यायाम गोठ्यात.

बाजेपासून गोठ्याच्या दारापर्यंत बावीस पावलं होती. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना खुर्चीवरूनच तिथे नेलं. बैलाने हुंगलं आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी. मग मी त्यांना दावणीला धरून उभं केलं. आठवा, चार दिवस हा माणूस बसायला तयार नव्हता! उजव्या पायावर भार द्यायचा तर मी बैल उजवीकडे बांधायला सांगितला. उजव्या हातात खरारा बांधला आणि त्यावर त्यांचा डावा हात ठेवला, चला, पाठ घासा. पुस्तकात याला मोठं नाव आहे, कामाशी जोडलेला सराव. बाबांच्या लेखी ती बैलाची सेवा होती.

दोन महिन्यांनी बावीस पावलं ते काठी घेऊन स्वतः चालले. हात पूर्ण आला नाही. बोटं आजही सुटी हलत नाहीत. पण मूठ उघडते. बोलणं तुटक आहे, त्यासाठी वाचा-उपचार वेगळे लागतात आणि ते आमच्याकडे सहज मिळत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली. पुढच्या यात्रेत बाबा काठी टेकत घाटाच्या कडेला उभे होते. जोडी त्यांची नव्हती, ती म्हातारी झाली होती. पण घोडी पुढे आणि मागे गाडा सुटला तेव्हा बाबांनी काठी काखेत धरून दोन्ही हात वर केले. उजवा छातीपर्यंतच गेला. मी बघत होते ना, माझी नजर गाड्यावर नव्हतीच.

तुम्ही म्हणाल, सगळं गोडगोड चाललंय. तर एक गोष्ट सांगते, जी गोड नाही.

२०१८ मध्ये एक विशीतला मुलगा आला. मोटरसायकलचा अपघात. मज्जारज्जू पूर्ण तुटल्यासारखा, छातीखाली काही कळत नव्हतं. रिपोर्ट बघताच मला समजलं होतं की हा चालणार नाही. त्याची आई रोज दारात उभी राहून विचारायची, "चालंल ना गं?" आणि मी रोज म्हणायचे, "प्रयत्न करू या." चार महिने मी पाय हलवत राहिले. तो पाय हलतोय तोवर त्या माऊलीला आशा, आणि मला खरं बोलण्यापासून सुट्टी. खरं तर ते चार महिने त्याला दुसरंच शिकवायचे होते. हाताच्या जोरावर अंग उचलणं, बाजेवरून व्हीलचेअरवर जाणं, दर वीस मिनिटांनी बैठक मोकळी करणं. व्हीलचेअरचा शब्द काढला तर आई खचेल म्हणून मी काढला नाही. त्याच्या माकडहाडाजवळ जखम झाली. ती खोल गेली आणि भरायला पाच महिने लागले.

तो परत आला तेव्हा मी दार लावून दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, हेही सांगितलं. आई रडली. मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं मॅडम. तुम्ही म्हणायची वाट बघत होतो."

अजून ते वाक्य मला झोपेत ऐकू येतं. आता तो व्हीलचेअरवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझा फोन तोच दुरुस्त करतो आणि पैसे घेतो, सवलत देत नाही. मला ते फार बरं वाटतं.

त्यानंतर एक नियम केलाय. पेशंटची आशा तोडायची नाही, पण तिच्या आड लपायचंही नाही. रोज जमतो असं नाही.

मध्यंतरी एका जुन्या वर्गमैत्रिणीने विचारलं, "तुला हे काम अजून आवडतं? कंटाळा नाही येत? तोच गुडघा, तोच खांदा." मला पटकन उत्तर सुचलं नाही. कंटाळा येतोच की. फ्रोजन शोल्डरमध्ये दर आठवड्याला हात थोडा थोडा वर जातो, आणि ते थोडंसं बघायला महिने द्यावे लागतात. पण डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं भेटतात, मी रोज पाऊण तास, महिना महिना भेटते. मला त्यांच्या सुनांची नावं माहीत असतात, कांद्याचा भाव माहीत असतो, कुणाच्या वस्तीवर परवा बिबट्या दिसला ते माहीत असतं. आणि जेव्हा एखादी बाई सांगते की आज वेणी स्वतः घातली, तेव्हा त्यात माझा वाटा किती हा प्रश्न पडत नाही. केस तिचे, हात तिचा, दुखलं तिला. मी शेजारी उभी राहून मोजत होते.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. तिचे गुडघे दुखतात आणि माझं ती अजिबात ऐकत नाही, हे सांगायला नकोच. परवा घरी आल्यावर तिला फाट्यावरच्या मावशींची गोष्ट सांगितली. मालिशवाली बाई ऐकून ती खूप हसली. मग गप्प झाली, आणि म्हणाली, "तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यांना रोज उभं केलं असतं गं."

मी म्हटलं, "तू सुरळी ठेवायचीस ना हातात. ते बरोबर होतं."

"होय?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मग तिला खुर्चीवरून दहा वेळा उठायला लावलं. सात वेळा उठली आणि म्हणाली, "बास. आता मशीन लाव."